फवारणीवाल्यांचं रक्त आणि आमची एथिक्स कमिटी

तीस वर्षं दुकान चालवलं की कोपऱ्यात एक पेटी आपोआप भरते. सुटे वॉशर, अर्धवट नोझल, एकाच बाजूचा नट. गिऱ्हाईक मागत नाही आणि आपल्याला टाकवत नाही. किश्शांचं तसंच. जमवायला कोणी बसत नाही, ते साठतात. माझ्याकडं सगळ्यात जास्त साठले ते दुकानाचे नाहीत, एका कमिटीचे आहेत. मी दिंडोरी रोडला द्राक्षबागांची औषधं आणि फवारणीचे पंप विकणारा माणूस, आणि बसलो डॉक्टरांच्या एथिक्स कमिटीत! कसा बसलो, तिथूनच सुरुवात करतो.

*

शतक बदलत होतं तेव्हाची गोष्ट. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातल्या बर्वे मॅडम दुकानात आल्या. त्यांचा विषय विषाचा. म्हणजे विष माणसाच्या अंगात गेलं की काय काय बिघडतं, याचा अभ्यास. कोणती औषधं जास्त खपतात, फवारणारे तोंडाला काय बांधतात, हे सगळं त्यांनी मला तासभर विचारलं. जाताजाता म्हणाल्या,

"शेठ, तुम्ही डॉक्टर नाही ना?"

"नाही हो."

"वकील?"

"छे!"

"शिक्षण किती?"

"नववी. तीही नापास."

"उत्तम!" मॅडम म्हणाल्या.

आयुष्यात माझ्या नववी नापासला पहिल्यांदाच कोणी उत्तम म्हटलं! मग त्यांनी खुलासा केला. दिल्लीहून नियम आले होते. माणसावर संशोधन करायचं तर आधी कमिटीची परवानगी घ्यायची, आणि त्या कमिटीत डॉक्टर, वकील यांच्याबरोबर एक साधा माणूस पाहिजेच. त्याला समजलं तर सगळ्यांना समजलं, असा हिशोब.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "मला यातलं काही कळत नाही, म्हणून माझी निवड झाली."

ती म्हणाली, "पण त्यांना हे एका भेटीत कसं कळलं?"

*

पुढचे सगळे किस्से मॅडमच्या एकाच कामाचे आहेत, म्हणून ते काम आधी सांगून टाकतो.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की बागांत फवारणीचा सपाटा सुरू होतो. आज डावणी रोगासाठी, उद्या थ्रिप्स किडीसाठी. मोठ्या पंपाला लांब पाइप, पाइपाच्या टोकाला गन. गन धरणारा माणूस दिवसभर त्या धुक्यात उभा. कीटकनाशक अंगात गेलं की रक्तातला एक घटक कमी होतो. त्याचं नाव उच्चारायला मला तीन महिने लागले, ते जाऊ द्या. तो फार कमी झाला की हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि त्याच्यापुढं काय होतं ते आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. मॅडमना हंगामात तीन वेळा गनवाल्यांचं रक्त तपासायचं होतं.

या गनवाल्यांत एक सोमनाथ भोये. पेठ तालुक्यातला, तिशीचा, कमी बोलणारा. दर हंगामात टोळीबरोबर दिंडोरीकडं यायचा. नोझल घ्यायला माझ्याकडं आला की काउंटरवर ठेवलेलं नोझल आधी फुंकून बघायचा, मगच खिशात टाकायचा. असा गनवाला मी दुसरा पाहिला नाही. सरळ रेषेत, एक पान कोरडं न ठेवता फवारणार. बागाईतदार त्याला नाव घेऊन मागायचे.

आता अडचण लक्षात घ्या. सोमनाथचं रक्त खराब निघालं तर सांगायचं कोणाला? मालकाला सांगितलं तर त्याचं काम जाणार. कोणालाच नाही सांगितलं तर माणूस जाणार. कमिटी दोन वर्षं बसली, चहा-चिवड्यावर, ती एवढ्याच प्रश्नावर.

*

पहिली मीटिंग. आम्ही सहा जण. चेअरमन म्हणजे एका कॉलेजचे रिटायर्ड प्रिन्सिपॉल, अत्यंत सज्जन. त्यांनी चष्मा लावून नियम वाचला: ज्या सदस्याचा या विषयात आर्थिक हितसंबंध असेल, त्याने तो जाहीर करून बाहेर बसावे.

मी उठलोच. म्हटलं, "साहेब, ज्याची तपासणी करायची ते विष मीच विकतो. येतो मी."

माझा हात दाराच्या कडीवर, तेवढ्यात वकीलसाहेब खाकरले. "तसं बघायला गेलं तर माझी ओझरला पाच एकर थॉमसन द्राक्षं आहेत."

चेअरमनसाहेबांनी चष्मा काढला. "मुलाची बाग आहे. निफाडला. पण ती त्याच्या नावावर आहे."

मग दोन डॉक्टर. एकाची स्वतःची, एकाच्या भावाची. मिनिट्स लिहायला बसलेला हॉस्पिटलचा क्लार्क जाधव, तोही हात वर करून म्हणाला, "साहेब, सासऱ्यांची चालेल का?"

द्राक्षाशी संबंध नाही अशी एकच व्यक्ती खोलीत उरली. बर्वे मॅडम! आणि संशोधन त्यांचंच असल्यामुळं नियमाप्रमाणं पहिल्यांदा बाहेर त्यांनी जायचं होतं.

शेवटी ज्याचं त्याचं द्राक्ष मिनिट्समध्ये नावासकट लिहिलं आणि मीटिंग सुरू झाली. जाधवनं ते इतकं मन लावून लिहिलं की कोणाची कोणती व्हरायटी, तेसुद्धा आलं.

*

मग संमतीपत्र. रक्त देणाऱ्याला आधी सगळं समजावून सांगायचं आणि त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. वकीलसाहेबांनी मसुदा केला. मी म्हटलं, दोन दिवस माझ्याकडं राहू द्या.

माझ्या दुकानात एक बाकडं आहे. त्यावर कोणी ना कोणी बसलेलं असतंच. त्या दिवशी नाना होते. दिंडोरीकडचे मोठे बागाईतदार, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि सोमनाथ दर वर्षी त्यांच्याच बागेत. मी वाचायला लागलो.

"मी खाली सही करणार, वय वर्षे अमुक, राहणार तमुक, या संमतीपत्रान्वये स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय व संपूर्ण शुद्धीत असे लिहून देतो की..."

नाना डोळे मिटून ऐकत होते. पान संपल्यावर म्हणाले, "गट नंबर राहिला का?"

"कसला गट नंबर?"

"जमिनीचा. खरेदीखत हाय ना हे?"

रक्त हा शब्द दुसऱ्या पानाच्या तळाला होता! मी आणि मॅडमनी बसून ते सगळं आठ ओळींत आणलं. तुमच्या दंडातून थोडं रक्त घेणार. फवारा अंगात किती गेला ते बघणार. त्यानं तुम्ही बरे होणार नाही. नको असेल तर नाही म्हणा, कोणी रागावणार नाही. मधेच सोडलं तरी चालेल. रिपोर्ट तुम्हाला एकट्याला सांगू. मालकाला नाही. मुकादमाला नाही.

वकीलसाहेब नाराज झाले. "शेठ, इतकं सोपं लिहिलं तर कोर्टात टिकणार नाही."

म्हटलं, "साहेब, आधी बांधावर टिकू द्या."

*

फॉर्म छापून आले, टोळीच्या मुकादमाकडं गेले आणि तिसऱ्या दिवशी परत! बावीसच्या बावीस भरलेले. मॅडम खूष. पुण्या-मुंबईकडंसुद्धा इतक्या लवकर संमती मिळत नाही म्हणाल्या.

मला कसंतरीच वाटलं. दुकानदारीत बावीस माणसांपुढं माल ठेवला की चार तरी नाक मुरडतात. एकानंही मुरडलं नाही म्हणजे माल बघितलाच नाही. मी फॉर्म उजेडात धरले. बावीस अंगठे, आणि प्रत्येक अंगठ्यावर त्याच जागी आडवी चीर!

मुकादमाला बोलावला. म्हटलं, "अंगठा दाखव." छाटणीची कात्री लागून कधीतरी झालेली जखम होती, ठसठशीत.

तो जरासुद्धा वरमला नाही. "माणसं बागंत होती शेठ. त्यांचं काम मोडायचं का? आणि माझी टोळी हाय. मी चला म्हणलं तर येतील, मी नाय म्हणलं तर एक येणार नाय. मंग अंगठा माझाच पायजे ना?"

रागावण्यासारखं होतं, पण खोटं काय होतं सांगा! नियम करणाऱ्यांना वाटतं की माणूस एकटा असतो, एकटा विचार करतो, एकटा हो म्हणतो. टोळीत माणूस एकटा नसतोच.

बावीस फॉर्म फाडले. मॅडम स्वतः बागेत गेल्या, मीही गेलो. मुकादमाला लांब चिंचेखाली बसवून चहा दिला आणि एकेकाला वेगळं बोलावून वाचून दाखवलं. सोमनाथनं सगळं ऐकलं. एवढंच विचारलं, "मी हो म्हणलो का नाय म्हणलो, ते मुकादमाला कळंल?"

"नाही कळणार."

"मंग घ्या," म्हणाला आणि बाही वर केली.

सगळ्यात शेवटी एक म्हातारा आला. त्यानं फॉर्म ऐकला, सुई बघितली आणि म्हणाला, "नको. रक्त काढलं का भूक लागती."

मॅडम हिरमुसल्या. मी मात्र त्या म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. आता कुठं त्या बाकीच्या एकवीस फॉर्मांवर माझा विश्वास बसला!

*

मधल्या काळात एक पाहुणे येऊन गेले. मुंबईचे. टाय, चकचकीत ब्रीफकेस. एका कीटकनाशकाची किती मात्रा माणसाला चालते, हे ठरवायचं काम त्यांनी घेतलं होतं. पद्धत सोपी होती. निरोगी स्वयंसेवक घ्यायचे, कीटकनाशकाचा अगदी बारीक अंश कॅप्सूलमध्ये घालायचा, गिळायला द्यायचा आणि आठवडाभर बघायचं. उंदरावर केलं तर माणसासाठी आकडा फार सावध धरावा लागतो, थेट माणसावर केलं तर सैल धरता येतो. बाहेरच्या देशांत असं होतं म्हणाले. स्वयंसेवक आमच्याकडचेच. पेठ, सुरगाणा, घोटी.

चेअरमनसाहेबांनी हळूच विचारलं, "यात गिळणाऱ्याचा फायदा काय?"

"फायदा समाजाचा, सर."

"आणि धोका?"

"नगण्य. शिवाय डॉक्टर पूर्ण वेळ हजर असतील."

त्या कीटकनाशकाचं नाव ऐकल्यावर मी माणूस पाठवून दुकानातून बाटली मागवली. टेबलावर ठेवली. लाल त्रिकोण, वर कवटी. दुकानात हा माल विकताना गिऱ्हाईकाला बाटलीवरचं वाचून दाखवायचं, अशी माझी पहिल्यापासूनची पद्धत. तसंच वाचलं.

"'पोटात गेल्यास ताबडतोब डॉक्टरांना बोलवा.'"

पाहुणे म्हणाले, "बरोबर आहे."

म्हटलं, "साहेब, पण तुमच्याकडं तर हे गिळायला डॉक्टरच देणार आहेत. मग बोलवायचं कोणाला?"

पाहुण्यांनी चिवडा छान असल्याचं सांगितलं आणि पाच वाजताची गाडी पकडली. अर्ज नामंजूर झाला. पुढं दुसऱ्या कुठल्या गावात मंजूर झाला का, मला माहीत नाही. त्याची चौकशी मी केली नाही, हे मात्र अजून टोचतं.

*

दुसऱ्या तपासणीचे रिपोर्ट आले. त्यानंतर चार दिवसांनी सोमनाथ दुकानात. नोझल मागितलं नाही. बाकड्यावर बसला.

"शेठ, मॅडम म्हणत्यात गन धरू नको. महिनाभर तरी."

"मग?"

"मंग काय? महिन्यानं हंगाम सरतो."

एवढंच बोलला आणि गेला. जाताना पायरी चुकला. एरवी डोळे मिटून उतरला असता.

दुसऱ्या दिवशी नाना आले. बातमीला पाय फुटतातच. बागेत कोणाचं तरी रक्त खराब निघालंय, एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"शेठ, नाव सांग."

"नाना, कमिटीत नावं येत नाहीत. नंबर येतात."

"नंबर सांग."

"नाही सांगता येत."

"अरे, मी त्याचं वाईट करणार हाय का? माझ्या बागंत उद्या कोणी पडलं तर पोलीस माझ्या दारात. मी त्याला सरळ घरी पाठवतो, सुखात राहील."

यातलं घरी पाठवतो एवढंच खरं होतं. नाना मोठे हुशार. पोऱ्यानं चहा आणून ठेवला होता. म्हणाले, "बरं, तोंड उघडू नको. मी एकेक नाव घेतो. आलं नाव की चहाचा घोट घे. आपण कोणाला बोललो नाय, काय नाय."

आणि सुरू झाले. "किसन... रामू... लक्ष्मण..."

नाना माझ्या हाताकडं बघतायत. माझा हात कपाजवळ. नुसता हलवला तरी पंचाईत, नाही हलवला तरी चेहरा कुठं लपवणार? पुढचं नाव सोमनाथचं असणार, हे मला त्यांच्या आवाजावरूनच कळलं. मी आख्खा कप उचलला आणि उकळता चहा एका दमात घशाखाली घातला!

डोळ्यांतून पाणी. जीभ आठवडाभर कामातून गेली.

नानांनी रिकाम्या कपात बघितलं, आता घोट घ्यायला काही उरलंच नव्हतं. मग उठले, धोतराचा सोगा सावरला. "लय पोचलेला हायेस," म्हणाले. त्या हंगामातला उरलेला सगळा माल त्यांनी समोरच्या दुकानातून उचलला. माझ्या डोळ्यांदेखत, ट्रॅक्टर माझ्या दारात उभा करून!

*

आता शेवटचा.

मॅडमनी तातडीची मीटिंग बोलावली. म्हणाल्या, "सतरा नंबरला दोनदा सांगितलं. तो अजून फवारतोय. काल हात थरथरत होते. असंच चाललं तर माझ्या अभ्यासातला हा माणूस मरेल. मला मालकाला सांगायची परवानगी द्या."

वकीलसाहेब म्हणाले, "मालकाला सांगणार नाही, असं आपण लिहून दिलंय."

एक डॉक्टर म्हणाले, "जीव मोठा की कागद?"

"आज एकाचं सांगितलं, तर पुढच्या तपासणीला बाकीचे वीस येतील?" वकीलसाहेबांनी विचारलं.

दीड तास हेच. दोन्ही बाजू बरोबर. मला सतरा नंबर कोण ते माहीत होतं आणि बोलायची सोय नव्हती. शेवटी म्हटलं, "आपण त्याच्याबद्दल दोन वर्षं बोलतोय. एकदा त्यालाच विचारू ना. रक्त त्याचं आहे."

वकीलसाहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. विचारू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. विचारावं असंही नव्हतं!

रविवारी सोमनाथ आला. धुतलेला शर्ट, टोपी मांडीवर. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. चेअरमनसाहेबांनी त्याला फार सुंदर समजावलं. धाक नाही, उपदेश नाही. रक्तात काय झालंय, आणखी फवारलं तर काय होईल, थांबलं तर दीड-दोन महिन्यांत कसं भरून येईल, सगळं. मी इतक्या वर्षांत कोणाही शिकलेल्या माणसाला गरिबाशी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"आम्ही मालकाशी बोलू का?" त्यांनी विचारलं.

"नको साहेब."

"मुकादमाशी?"

"नको."

"मग तुम्ही सांगा, काय करायचं. तुम्ही म्हणाल तसं."

सोमनाथ टोपीची कड बोटांनी सरळ करत राहिला. बोटं थरथरत होती, कड काही सरळ होत नव्हती. मग म्हणाला, "गन सोडतो. उद्यापासून नाय धरत."

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मॅडमच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू आलं. चेअरमनसाहेबांनी स्वतः उठून चिवड्याची बशी त्याच्यापुढं सरकवली.

"आणि काम?" मॅडमनी विचारलं. "मालक काढणार नाही?"

"काढतो कशाला? काम जोडीचं असतंय, नवराबायकोचं. मी गन धरायचो, बायको माझ्यामागं पाइप ओढायची. आता ती गन धरंल, मी पाइप ओढीन. मुकादमाला काय, गन चालली म्हणजे झालं." तो उठला. टोपी घातली. दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"फक्त एक करा मॅडम. तिचं रक्त तपासू नका."

त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मग जाधवनं पेन वर धरून विचारलं,

"साहेब, हे संमतीत लिहू का नकारात?"